मेणबत्तीच्या ग्लासाच्या तळाला उरलेलं मेण काच न तडकता कसं काढायचं?

पावसाळी_ओसरी

नमस्कार मंडळी. गोव्यात बार्देशात आमचा सहा खोल्यांचा होमस्टे आहे. पावसात वीज गेली की प्रत्येक खोलीत मेणबत्ती लागते, आणि पाहुणेही आपापल्या सुवासिक मेणबत्त्या मागे टाकून जातात. असे ३५ ग्लास जमलेत. त्यातले १४ सरळ उभ्या काचेचे, आत साईसारखं पांढरट मऊ मेण. ९ लाल काचेचे, २ नोव्हेंबरला कबरीवर लावतात तसले, ते शेजारच्या घरचे आहेत आणि परत भरून द्यायचेत. ५ जेलवाले, आत शिंपले आणि रेती. ४ करवंटीतले. आणि डास पळवायच्या सिट्रोनेलाचे ३ काचेचे वाडगे.

उकळतं पाणी ओतून पाहिलं, दोन ग्लास तळाशी गोल तडकले. कोणी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतात, कोणी ओव्हनमध्ये. नक्की कशाला काय लागू पडतं? वातीखालची पत्र्याची चकती कशी काढायची? आणि यातले कोणते ग्लास स्वयंपाकघरात मसाल्यांना चालतील? आमच्या मोरीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, हेही लक्षात घेऊन सांगा.

रसायनवाला_फोंडा

ताई, तळाशी गोल तडा म्हणजे काचेला एकदम बसलेला ताप. ही साधी सोडा-लाइम काच. तापली की प्रयोगशाळेच्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट फुगते. मेणबत्तीच्या ग्लासाचा तळ मुद्दाम जाड केलेला असतो. उकळतं पाणी पडलं की आतली बाजू फुगते, बाहेरची अजून थंडच, आणि भिंत जिथे तळाला मिळते त्या वळणावर सगळा ताण येतो. काच तिथूनच सुटते. म्हणून नियम एकच: काच आणि पाणी बरोबरीने तापवायचं, बरोबरीने थंड होऊ द्यायचं.

आता मेण ओळखा, कारण पद्धत त्यावर ठरते. नखाने खरवडून पाहा. पॅराफिन टणक असतं, किंचित पारदर्शक, खरवडलं की पापुद्रे निघतात. सोया मेण अपारदर्शक, नख लोण्यात रुतावं तसं रुततं. मधमाशीचं मेण पिवळसर आणि चिकट, मधाचा वास येतो. शंका राहिली तर चिमूटभर मेण बोटांवर घेऊन कढत पाणी आणि भांड्याच्या साबणाने चोळा. सोया दुधाळ होऊन बोटांवरून बरंचसं जातं, पॅराफिन हलत नाही. कारण सोया मेण हे मुळात सोयाबीनचं घट्ट केलेलं तेलच, साबण आणि सोडा त्याला पकडतात. पॅराफिन पेट्रोलियमचं, त्याच्यावर सोड्याची काही क्रिया होत नाही. तुमचे १४ ग्लास वर्णनावरून सोया किंवा सोया-खोबरेल मिश्रणाचे वाटतात, लाल ग्लासांत बहुधा पॅराफिन असणार.

ग्लासात भरतात ते सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंशांना वितळतं, पॅराफिन प्रकाराप्रमाणे ४६ ते ६८, मधमाशीचं ६२ ते ६४. म्हणजे यातल्या कशालाही उकळी लागत नाही. सत्तर-ऐंशी अंश पुष्कळ झाले.

१४ सरळ ग्लासांसाठी अशी पद्धत. रुंद, बुटकं पातेलं घ्या. तळाला जुन्या पंचाची चौघडी घडी घाला, म्हणजे काच थेट तापलेल्या धातूवर बसणार नाही. ग्लास एकमेकांना न टेकता ठेवा. मोठ्या पातेल्यात एका वेळी चार-पाचच मावतात, कोंबू नका. नळाचं साधं पाणी बाहेरून मेणाच्या पातळीच्या बोटभर वर येईल इतकं घाला. ग्लास हलका असेल तर तरंगून कलंडतो, तिथे पाणी कमी ठेवा. मग मंद आच. तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले की आच आणखी कमी करा, खळखळ उकळी येऊ देऊ नका. एक सेंटिमीटर मेण असेल तर १५ ते २० मिनिटांत पूर्ण पातळ होतं.

पातळ झालं की चिमट्याने वात धरून सरळ वर ओढा. बहुतेक वेळा चकती वातीबरोबरच येते, कारण तिच्याखालचा चिकट तुकडा तापून ढिला झालेला असतो. ग्लास जाड फडक्यात धरून बाहेर काढा आणि आधी बाहेरून कोरडा पुसा. हे विसरलात तर ओतताना पाण्याचे थेंब मेणाच्या डब्यात पडतात आणि ते मेण नंतर जळताना तडतडतं. मेण स्टीलच्या कोरड्या डब्यात, वर जुनं सुती कापड बांधून ओता. काजळी, काडीचे तुकडे वर राहतात.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते काम. ग्लास रिकामा झाला की पुढचं अर्धं मिनिट महत्त्वाचं. भिंतीवर अजून पातळ, तेलासारखा चकाकणारा थर असतो. त्याच वेळी रद्दीचा बोळा आत घालून वरून खाली फिरवत पुसा. कागद लगेच पारदर्शक होत जातो, म्हणजे मेण त्यात मुरतंय. दुसरा कोरडा बोळा घ्या, पुन्हा पुसा. तिसऱ्या बोळ्यावर डाग दिसेनासा झाला की झालं. हे न करता ग्लास थंड होऊ दिला तर तोच थर थिजून पांढरा होतो, आणि मग घासणी, साबण, नख सगळं वापरूनही निघत नाही. मेण काढताना माणसं दमतात ती ही एक पायरी चुकल्यामुळे.

शेवटी स्टीलच्या टबात १ लिटर कढत, पण हात बुडवता येईल इतपत पाणी, त्यात १ चमचा भांड्याचं लिक्विड आणि सपाट मोठा चमचा धुण्याचा सोडा. पुसलेले ग्लास अजून ऊबदार असतानाच त्यात घाला, १० मिनिटं ठेवा, बाटलीच्या ब्रशने फिरवा. हातमोजे घाला, सोडा कातडी कोरडी करतो. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोड्याने ते काळं पडतं आणि झिजतं.

आणि मेण थेट गॅसवर कधीही नाही. पाण्याच्या पातेल्यात मेण १०० अंशांच्या वर जाऊच शकत नाही, हीच त्या पद्धतीची सुरक्षा. थेट आचेवर ते २०० अंशांच्या आसपास पोहोचलं की त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि तोवर ते उकळत नाही, बुडबुडे येत नाहीत, म्हणून कळत नाही. कधी पेटलंच तर गॅस बंद, वर झाकण. पाणी ओतू नका. पाणी जड असल्यामुळे खाली जातं, तिथे क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण वर उडतं.

तिसवाडी_किनारा

वरचं सगळं बरोबर आहे, पण लाल ग्लासांसाठी पातेल्याची खटपट नको. पॅराफिनला फ्रीजर उत्तम. पॅराफिन वितळलेल्यापासून थिजेपर्यंत आकारमानाने दहा टक्क्यांच्या आसपास आकसतं, आणि फ्रीजरमध्ये अजून थोडं. काच जवळजवळ आकसतच नाही. त्यामुळे मेण स्वतःच भिंत सोडतं. सोया मात्र काचेला धरून राहतं, फ्रीजरमधून काढलं तरी अर्धं चिकटलेलंच असतं, म्हणून लोक म्हणतात की ही युक्ती चालत नाही. चालते, फक्त मेण योग्य हवं.

पण एक गोष्ट आधी करा. कबरीवर ठेवलेल्या ग्लासात पावसाचं आणि दवाचं पाणी मेण आणि काच यांच्या फटीत शिरलेलं असतं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं आणि ग्लास आतून फोडतं. म्हणून ग्लास एक रात्र उपडे ठेवा, मग वातीच्या शेजारी बोथट सुरीने मेणाला एक-दोन चिरा द्या, पाणी दिसलं तर निथळू द्या. नंतरच फ्रीजर. चिरांमुळे मेण तुकड्यांत सुटतं. तोंड निमुळतं असेल तर मेणाचा अख्खा गोळा वरून निघतच नाही, तिथे चिरा हव्याच.

घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना ३ ते ४ तास. रात्रभर ठेवून फायदा वाढत नाही. बाहेर काढल्यावर लगेच उपडा करून तळावर तळहाताने थाप द्या, लाकडाच्या ओट्यावर आपटू नका. आपल्या हवेत दोन मिनिटांत काचेवर दव धरतं, हातातून निसटते, म्हणून कोरड्या फडक्याने धरा. आणि फ्रीजरमधला ग्लास कधीही गरम पाण्याखाली धरू नका. धुवायचा असेल तर तासभर बाहेर ठेवून मग. राहिलेल्या कणांसाठी पुन्हा ती गरम करून रद्दीने पुसायची पायरी, तिला पर्याय नाही.

जेलचं वेगळं. ते मेणच नाही, खनिज तेल आणि प्लास्टिकसारखं राळ यांचं घट्ट झालेलं मिश्रण आहे. फ्रीजरमध्ये ते टणक होत नाही, उकळत्या पाण्यात नीट पातळही होत नाही. हातानेच काढा. कडेने चमचा फिरवला की रबरासारखं सलग निघून येतं. तळाला रेती असते, ती जेलबरोबर चमच्याने खरवडून काढा, त्या अवस्थेत ब्रश किंवा घासणी घासली तर रेती काचेवर ओरखडे पाडते. मग कोरड्या कागदाने तेल पुसा, नंतर भांड्याचा साबण दोनदा. शिंपले साबणाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवले की स्वच्छ होतात.

ओव्हनबद्दल: ओटीजीत ८० ते ९० अंशांना, ट्रेवर ॲल्युमिनियमची फॉइल कडा वर उचलून घालून त्यावर ग्लास उपडे ठेवले की १५ मिनिटांत मेण ओघळतं. एका वेळी आठ-दहा ग्लास होतात हा फायदा. पण पुष्कळ ओटीजींचा आकडा १०० अंशांपासून सुरू होतो आणि त्यांचा कांटा वीस अंश इकडे-तिकडे असतो. वेगळा ओव्हन-थर्मामीटर नसेल तर नको, आणि ज्यात केक भाजता त्या ओव्हनला सुवासिक मेणाचा वास बरेच दिवस राहतो. ग्लास गार ओव्हनमध्ये ठेवूनच तापवायला लावायचे. मायक्रोवेव्ह तर नाहीच: मेण त्यात तापत नाही, चकतीच्या पत्र्यातून ठिणग्या उडतात.

पावसाळी_ओसरी

देव बरें करूं दोघांनाही. लाल ९ झाले, एकही तडकला नाही. १४ पैकी दहा केले. आता दोन अडचणी. पाच ग्लासांत वात तुटून आली, चकती तळाला तशीच आहे. दोन ग्लासांवर धुतल्यावर पांढरट धुरकट थर दिसतो, कोरडा असताना जास्त. पुन्हा सोड्याच्या पाण्यात ठेवू का?

रसायनवाला_फोंडा

सोड्यात परत ठेवू नका, आधी तो थर काय आहे ते पाहा. कोरड्या बोटाने घासा. बोटाला ओशट लागलं आणि थर पसरला तर मेण. पातेल्यात पुन्हा कोमट करून रद्दीने पुसा. ओशट लागत नसेल तर काच पाण्याने ओली करा. ओली असताना थर दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत येतो, तर तो बहुधा पाण्यातल्या क्षारांचा किंवा नीट न खंगाळलेल्या सोड्याचा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन १० मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुवा, जाईल. व्हिनेगरनेही थर तसाच राहत असेल आणि नखाला बारीक खरखर लागत असेल तर काच घासून ओरबाडलेली आहे. ती चकाकी परत येत नाही, आणि तो ग्लास मेणबत्तीसाठी पुन्हा वापरू नका, ओरखड्यावरून तडा सुरू होतो.

स्पिरिटने मेण जातं असं पुष्कळ ठिकाणी वाचाल. जात नाही. सर्जिकल स्पिरिट मेण विरघळवत नाही, ते सुगंधी तेल आणि रंग काढतं. म्हणून ते सगळ्यात शेवटी, मेण पूर्ण निघाल्यावर, कापसाने, गॅसपासून लांब. रॉकेल किंवा टर्पेंटाइन मेण विरघळवतं, पण मागे जो वास राहतो तो काढायला मेणापेक्षा जास्त कष्ट पडतात, आणि गरम ग्लासावर ते लावणं धोक्याचं आहे.

चकतीसाठी तळ बघा, कारण गोंद तीन प्रकारचा असतो. चकतीखाली पांढरा फोमचा गोल तुकडा दिसत असेल तर ग्लासात ८० अंशांचं पाणी घाला. थर्मामीटर नसेल तर तीन वाट्या उकळतं आणि एक वाटी नळाचं पाणी मिसळा, तितकंच येतं. ग्लास आधी कोमट पाण्याने विसळून घ्या. पाच मिनिटांनी बटर नाईफची बोथट कड चकतीखाली सरकवा, सुटते. पारदर्शक पिवळसर थेंब असेल तर ती ग्लू गनची कांडी. तीही याच उष्णतेला मऊ होते, पण गरम असतानाच उचलायला हवी, थंड झाली की पुन्हा धरते. आणि रबरासारखा, दाबला की परत फुगणारा थर असेल तर सिलिकॉन. ते उष्णतेने वितळत नाही. पातळ लवचिक सुरी काचेला समांतर ठेवून खालून कापायचं, सुरी तिरकी करून उचटायला गेलात तर जाड तळाचाही टवका निघतो.

सत्तरीचा_डोंगर

करवंटीबद्दल कोणी बोललं नाही. करवंटी उकळत्या पाण्यात किंवा ओव्हनमध्ये घालू नका. भेगाळते, आणि बाहेरून चोपडलेलं व्हार्निश पांढरं पडतं. शिवाय आतल्या बाजूने मेण लाकडात मुरलेलं असतं, ते शंभर टक्के निघत नाही, काढायची गरजही नाही. वात चिमट्याने उपटून घ्या, मेण चमच्याने खरवडा, नंतर केस वाळवायच्या ड्रायरने आतला पृष्ठभाग गरम करत कागदाने पुसा. बस. करवंटीत पुन्हा मेणबत्तीच भरा, दुसरं काही नाही. एप्रिल-मेमध्ये काळ्या पत्र्यावर दुपारी उन्हात ठेवली तरी सोया मेण चमच्याने निघण्याइतकं मऊ होतं. पावसाळ्यात हा मार्ग बंद. सिमेंटची भांडी असतील तर त्यांनाही हीच गोष्ट, ती मेण पितात.

आता मोरीचं. ताईंनी सेप्टिक टँकचा उल्लेख केला ते फार बरं केलं. वितळलेलं मेण पाण्याहून हलकं असतं, ते सिंकखालच्या वाकड्या नळीत जाऊन थिजतं आणि तिथे अन्नाचे कण धरून ठेवतं. गरम पाणी ओतून ते पुढे ढकललं तर पुढच्या गार पाइपात पुन्हा थिजतं. टँकपर्यंत पोहोचलं तर पॅराफिन वर तरंगत राहतं, त्याचं काही कुजत नाही, आणि तिथून शोषखड्ड्याच्या दगडांत गेलं तर खड्डा पाणी घ्यायचं थांबतो. घट्ट झालेली नळी उघडणं सोपं, खड्डा उपसणं महाग.

म्हणून ज्या ग्लासात गरम पाणी ओतून मेण वर आणलंय, ते पाणी तसंच गार होऊ द्या. वर चकती थिजते, ती उचला, पाणी कापडातून गाळा. धुण्याच्या टबाचंही तसंच: गार होऊ द्या, वर पापुद्रे धरतात, ते गाळून घ्या, मगच मोरीत सोडा. मेणाने माखलेली रद्दी मोरीत किंवा कमोडमध्ये नाही. ती न्हाणीच्या चुलीला उत्तम.

तिसवाडी_किनारा

स्वयंपाकघराचा प्रश्न राहिला. सिट्रोनेलाचे ३ वाडगे मसाल्यांना मुळीच नको. ते तेल काचेत मुरत नाही हे खरं, पण झाकणाच्या रबरी किंवा सिलिकॉनच्या कडीत मुरतं, आणि तीन महिन्यांनी आतल्या धण्यांना त्याचा वास येतो. त्यात बटणं, खिळे, खोलीतल्या चाव्या ठेवा.

१४ सुवासिक ग्लासांचं: आतून रंग किंवा सोनेरी-रुपेरी मुलामा दिलेला असेल तर खाण्याजोगं काहीच ठेवू नका. धुताना बोटाला रंग लागला तर तो ग्लास पेनं ठेवायला. आतून स्वच्छ, बिनरंगी काच असेल, वास पूर्ण गेला असेल, तरी हे ग्लास अन्नासाठी म्हणून बनवलेले नसतात. लवंग, दालचिनी, मीठ असं कोरडं आणि अख्खं ठेवायला बहुतेक लोक वापरतात. लोणचं, तेल, गरम चहा, आंबट काही नको. चहा ओतला तर तोच तापाचा धक्का, ज्यापासून सुरुवात झाली. वास गेला का हे तपासायला ग्लास कोरडा करून झाकण लावा, एक दिवस उन्हात ठेवा, मग उघडून हुंगा. थंड ग्लासाला वास नसतो आणि गरम झाला की येतो, म्हणून ऊन.

पत्र्याची झाकणं समुद्राच्या खाऱ्या हवेत वर्षभरात गंजतात. किनाऱ्याजवळ असाल तर आतून गंजलेलं झाकण फेका, लाकडाचं किंवा बुचाचं वापरा. बाहेरचं लेबल निघत नसेल तर खोबरेल आणि खाण्याचा सोडा समप्रमाणात मिसळून अर्धा तास लावून ठेवा, मग फडक्याने चोळा. कागद आधी ओला करून सोलून घ्या, तेल थेट गोंदापर्यंत पोहोचायला हवं.

पावसाळी_ओसरी

चकत्या निघाल्या, चार फोमच्या, एक सिलिकॉनची. थर क्षारांचाच होता, व्हिनेगरने गेला. आता लाल ग्लास परत भरायचेत. जे मेण गोळा झालंय तेच त्यात भरू का? सोया आणि पॅराफिन वेगळं ठेवलंय. अंदाजे दीड किलो आहे.

रसायनवाला_फोंडा

वेगळं ठेवलंत हे उत्तम. मिसळलं तरी मेणबत्ती जळते, पण दोन्हींचा वितळण्याचा अंश वेगळा, वातीचं माप चुकतं. लाल ग्लासांत गाळलेलं पॅराफिनच भरा. सुवासिक सोया मेण त्यात नको. पाच-सहा प्रकारचे सुगंध एकत्र आले की वास आंबटसर येतो आणि रंग तपकिरी होतो.

किती लागेल ते असं काढा: ग्लासात हव्या त्या पातळीपर्यंत पाणी भरून मोजा. २०० मिली पाणी मावलं तर १८० ग्रॅम मेण, कारण मेणाची घनता पाण्याच्या ०.९ पट. वरची दीड सेंटिमीटर रिकामी ठेवा, बाहेर वाऱ्यात ज्योत आडोशाला राहते. भरण्याआधी ग्लास अगदी कोरडा हवा. आपल्याकडे पुसलेला ग्लासही रात्रीत ओलसर होतो, म्हणून भरायच्या आधी पाच मिनिटं ड्रायर फिरवा. ग्लास कोमट होतो, मेण भिंतीला धरतं, आणि वात चरचरत नाही. जुनी चकती पुन्हा वापरू नका, तिची नळी जळून मोठी झालेली असते. नवी चकती लावलेली वात मधोमध बसवा. वात वाकली तर ज्योत काचेच्या एकाच बाजूला लागते आणि ग्लास तिथेच फुटतो.

पॅराफिन थिजताना मधे खड्डा पडतो, वातीभोवती. म्हणून आधी नव्वद टक्के भरा, थिजल्यावर उरलेलं पुन्हा तापवून वर ओता. वात वर पाऊण सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवून कापा. आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवा की तळाला एक सेंटिमीटर मेण उरलं की विझवायचं. त्याखाली गेलं की चकती काचेला थेट तापवते. तुमच्याकडच्या ग्लासांत एक-दोनांचा तळ काळवंडलेला असेल तर तो याच कारणाने, असे ग्लास उजेडाकडे धरून कडेला केसासारखी रेघ दिसते का पाहा. दिसली तर त्यात पुन्हा ज्योत नाही.

सत्तरीचा_डोंगर

सुवासिक सोया मेणाचं: सुकलेली नारळाची सोडणं वीतभर तुकड्यांत तोडून एक टोक वितळलेल्या मेणात बुडवा, वर्तमानपत्रावर वाळवा. पावसात ओल्या सरपणाला दोन तुकडे पुरतात, न्हाणीतल्या भाणाखाली (पाणी तापवायच्या भांड्याखाली) लगेच धग धरतात. सुवासाचं मेण असल्यामुळे घराबाहेरच्या किंवा न्हाणीच्या चुलीलाच वापरा, स्वयंपाकाच्या नको. किलोभर मेणात दोन-अडीचशे तुकडे सहज होतात, कारण टोकच बुडवायचं असतं.

पॅराफिनचे उरलेले दोन-चार गोळे ठेवून द्या. जून-जुलैत फुगून अडकणाऱ्या लाकडी खिडक्यांच्या कडेवर आणि ड्रॉवरच्या पट्टीवर कोरडं मेण घासलं की सरकतात. खोबरेल लावू नका, त्याला धूळ आणि मुंग्या धरतात.

पावसाळी_ओसरी

सोडणांचा ढीग मागे पडलेलाच आहे, तेही करते. शेवटचं एक: उरलेल्या चार ग्लासांत मेण अगदी दोन मिलिमीटर आहे. त्यांच्यासाठी पातेलं लावायचं का?

तिसवाडी_किनारा

नाही. ग्लास आधी कोमट पाण्याने विसळा, मग तीन वाट्या उकळतं अधिक एक वाटी नळाचं या मिश्रणाने पाऊण भरा आणि अर्धा तास हात लावू नका. मेण वर येऊन पातळ चकती थिजते. पाणी हाताला गार लागलं की ती बोटाने उचला, पाणी कापडातून गाळा. भिंतीवरचा थर राहतोच, त्यावर ड्रायर दोन मिनिटं, आणि लगेच रद्दी.